हाड का जुळले नाही, ते आधी शोधा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वर्धा रोड, अमरावती रोड, कामठी रोड, रिंग रोड इथल्या अपघातांच्या बातम्या आपल्या पत्रात जवळपास रोज असतात. शेवटचे वाक्य बहुधा ठरलेले असते: जखमीच्या पायाला फ्रॅक्चर असून प्रकृती स्थिर आहे. नडगीच्या आणि घोट्याच्या फ्रॅक्चरमध्ये खरा त्रास अनेकदा त्या वाक्यानंतर सुरू होतो. हाड जुळत नाही, रॉडभोवती पू होतो, घोटा तिरका बसतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपासून बालाघाट, शिवनी, छिंदवाड्यापर्यंतचे असे पाय शेवटी नागपुरात येतात, आणि बऱ्याच जणांच्या पिशवीत दोन-तीन शस्त्रक्रियांचे एक्स-रे असतात. त्या एक्स-रेंवरून दिसते की प्रत्येक वेळी धातू बदलला गेला, पण पहिली शस्त्रक्रिया फसली कशामुळे, हे कुणी लिहून ठेवले नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की दुसऱ्यांदा चाकू लावण्याआधी त्या प्रश्नाचे उत्तर केसपेपरवर असायला हवे, आणि ते रुग्णालाही सांगितलेले असायला हवे.

नडगीवरून हात फिरवून पाहा. पुढून आतल्या बाजूला कातडीखाली थेट हाड लागते, मध्ये स्नायू नाही. हाडाला आतून रक्त देणारी मुख्य धमनी वरच्या तिसऱ्या हिश्शात मागच्या बाजूने शिरते आणि खाली उतरत जाते. खालच्या तिसऱ्या हिश्शात फ्रॅक्चर झाले की हा पुरवठा तुटतो, आणि तिथे रक्त पुरवायला भोवती मांसल स्नायूही नसतात, नुसत्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, असतात. मांडीचे हाड ज्या चुका पोटात घालते त्या नडगीचे हाड घालत नाही, याचे कारण हे.

सगळ्यात आधीची गुंतागुंत पहिल्या एक-दोन दिवसांत, कधी त्याच रात्री येते. पोटरीचे स्नायू चार बंद कप्प्यांत असतात आणि कप्प्यांचे आवरण ताणले जात नाही. आत रक्त साचून सूज वाढली की दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि स्नायू गुदमरतो. भरवशाची खूण म्हणजे फ्रॅक्चरच्या मानाने फारच जास्त दुखणे. ते इंजेक्शनलाही दाद देत नाही, आणि दुसऱ्याने पायाची बोटे हलकेच वर-खाली केली तरी माणूस कळवळतो. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात बधिरपणा येतो. घोट्याजवळ नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नये, ती शेवटपर्यंत लागू शकते. प्लास्टर आणि आतली कापूस-पट्टी कातडी दिसेपर्यंत चिरायची, पाय हृदयाच्या पातळीला ठेवायचा. उशांवर उंच ठेवला तर आधीच कमी पोहोचणारे रक्त आणखी कमी होते. एवढे करूनही फरक पडला नाही, किंवा खालचा रक्तदाब आणि कप्प्यातला दाब यांतले अंतर पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या आत आले, तर दोन लांब चिरा देऊन चारही कप्पे मोकळे करावे लागतात. साधारण सहा तासांत स्नायू कायमचा मरू लागतो. जखम उघडीच ठेवून ४८ ते ७२ तासांनी पुन्हा पाहतात, मग टाके घालतात किंवा मांडीची पातळ कातडी लावतात. वेळ हुकली तर महिन्याभराने बोटे आकड्यासारखी वळतात, टाच वर उचललेली राहते, आणि मग कंडरा लांबवण्याच्या शस्त्रक्रिया कराव्या लागतात, ज्यांनी पाय टेकतो पण मेलेला स्नायू परत येत नाही. बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधलेल्या पायात नेमके हेच घडते. हाडवैद्याकडे जाऊन आलेल्या रुग्णाला दोष देण्याआधी ती बांधणी सोडा, ते पाच मिनिटांचे काम आहे.

उघड्या फ्रॅक्चरमध्ये, म्हणजे कातडी फाटून जखम हाडापर्यंत गेलेली असते तेव्हा, पुढच्या वर्षभराचे भवितव्य पहिल्या आठवड्यात ठरते. पहिले अँटिबायोटिक तासाभरात शिरेतून गेले पाहिजे, ते तालुक्याच्या रुग्णालयातही देता येते. जखम सलाइनने भिजवलेल्या गॉजने झाकायची, एक फोटो काढायचा आणि ऑपरेशन थिएटरपर्यंत ती पुन्हा पुन्हा उघडायची नाही. धानाच्या बांधीतला चिखल किंवा गोठ्यातले शेण लागलेली मोठी जखम असेल तर ९ लिटरपर्यंत सलाइनने, कमी दाबाने धुवायची. जोराच्या फवाऱ्याने घाण मांसात आणखी आत जाते. जो स्नायू चिमट्याने धरल्यावर आकसत नाही, कापल्यावर रक्त देत नाही, तो काढायचा. हाडाचा सुटा तुकडा मांसाला चिकटलेला नसेल तर तोही. नंतर उपयोगी पडेल म्हणून ठेवलेला असा तुकडाच सहा महिन्यांनी पूचे घर होतो.

मग झाकणे. हाड उघडे असेल तर तीन दिवसांत, फार तर आठवड्याच्या आत त्यावर जिवंत मांस किंवा कातडी यायला हवी. नडगीच्या वरच्या भागावर पोटरीचा वरचा स्नायू वळवून लावता येतो, मधल्या भागावर त्याच्या खालचा सोलियस. खालच्या भागावर आणि घोट्यावर वळवायला स्नायूच नसतो. तिथे घोट्याच्या मागून उलटवलेला फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासह उचललेला कातडी-मांसाचा तुकडा, नाहीतर अंगाच्या दुसऱ्या भागातून आणून सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडलेला फ्लॅप लागतो. म्हणजे प्लास्टिक सर्जन पहिल्या दिवशीच हवा. हाड बसवल्यानंतर तीन आठवड्यांनी, प्लेट उघडी पडून हिरवट दिसायला लागल्यावर पाठवलेल्या रुग्णावर तोच फ्लॅप केला तरी खाली जंतू आधीच वस्तीला आलेले असतात.

आता हाड न जुळण्याबद्दल. बंद फ्रॅक्चर नीट बसवलेले असेल तर नडगी साधारण चार ते पाच महिन्यांत जुळते. समोरच्या आणि बाजूच्या एक्स-रेत मिळून हाडाच्या चार कडा दिसतात. त्यांतल्या तीन कडांवर नवे हाड पूल बांधताना दिसले की हाड जुळले असे धरतात. नऊ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रेत काहीच हालचाल नाही, तर ते न जुळलेले हाड, अशी रूढ व्याख्या आहे. पण नऊ महिने हातावर हात धरून बसावे असा तिचा अर्थ नाही. पहिल्याच दिवशी दोन-तीन सेंटीमीटर हाड रस्त्यावर राहिले असेल तर ते आपोआप भरणार नाही, हे त्याच दिवशी माहीत असते.

न जुळलेल्या हाडाचा एक्स-रे नीट पाहिला तर तो बरेच काही सांगतो. दोन्ही टोके हत्तीच्या पायासारखी फुगलेली असतील तर हाडात जीव आहे, रक्त आहे, फक्त ते हलते आहे. अशा ठिकाणी कमरेच्या हाडाचा कीस भरायची गरज नसते. जुना नेल, ज्याला आपल्याकडे सगळे रॉड म्हणतात, तो काढून आतली पोकळी रीमर या कोरण्याच्या अवजाराने रुंद करतात आणि १ ते २ मिलिमीटर जाड नेल घालतात, म्हणजे ९ चा असेल तर १० किंवा ११. रीमरने निघालेला चुरा तिथेच हाडाच्या किसासारखे काम करतो. शेजारचे बारीक हाड, फिब्युला, आधी जुळून नडगीची दोन टोके एकमेकांपासून लांब धरून ठेवत असेल तर त्याचा दोन-अडीच सेंटीमीटरचा तुकडा काढला की पायावर वजन पडताच टोके एकमेकांवर दाबली जातात. काही वेळा तर नेलचा एका बाजूचा स्क्रू काढणे पुरते, पण ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, तुकडे घसरणार नाहीत अशा फ्रॅक्चरमध्येच.

टोके निमुळती, पेन्सिल तासल्यासारखी असतील तर गोष्ट उलटी आहे. तिथे नुसता जाड धातू घालून काही होत नाही. मधला तंतुमय भाग काढून टोकांतून रक्त ठिपकेपर्यंत तासायचे, भोवतीचे हाड छिन्नीने पाकळ्यांसारखे सोलायचे, पाकळ्या मांसाला चिकटलेल्याच ठेवायच्या, आणि कमरेच्या हाडातून काढलेला कीस भरून प्लेटने घट्ट करायचे. हे न करता दुसरी प्लेट लावली की ती पाच-सहा महिन्यांत तुटते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तशीच. प्लेट तुटली म्हणून हाड जुळले नाही, असे नातेवाईक म्हणतात आणि कंपनीला नावे ठेवतात. बहुतेक वेळा आधी हाड जुळत नाही, म्हणून प्लेट तुटते.

तिसरी शक्यता जंतुसंसर्गाची. शस्त्रक्रिया झालेले हाड जुळत नसेल तर ते संसर्ग झालेले आहे असे धरूनच चालावे, नमुने तसे नाही म्हणेपर्यंत. बाहेरून पू नसला, ताप नसला, सीआरपी आणि ईएसआर या संसर्ग-सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या सामान्य असल्या तरीही. आणि तपासणीत सर्वांत जास्त चुका इथेच होतात. वाहणाऱ्या भोकातून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना कातडीवरचे जंतू दाखवतो, हाडातले नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी हाडाच्या आणि आतल्या मांसाच्या किमान पाच वेगवेगळ्या जागांमधून, प्रत्येक वेळी वेगळा स्वच्छ चिमटा वापरून नमुने घ्यायचे, आणि प्रयोगशाळेला ते १४ दिवस ठेवायला सांगायचे, कारण काही जंतू सावकाश वाढतात. त्याआधी निदान दोन आठवडे अँटिबायोटिक बंद असायला हवे; ताप किंवा रक्तातला संसर्ग असेल तेव्हाच हा नियम मोडायचा. मेडिकल स्टोअरमधून आणलेली गोळी आज चालू, उद्या बंद असे सहा महिने झाले की नमुन्यात काहीच उगवत नाही आणि औषध निवडायचे कशावरून, हा प्रश्न राहतो. एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवावा, त्यात क्षयरोगही कळतो. भोक अनेक वर्षांपासून वाहत असेल, कडा जाड आणि उंच झाल्या असतील, वास आणि रक्त वाढले असेल, तर त्या कडेची बायोप्सी केलीच पाहिजे, कारण जुन्या वाहत्या जखमेत कातडीचा कर्करोग होऊ शकतो.

संसर्ग पहिल्या दोन-तीन आठवड्यांतला असेल आणि धातू घट्ट असेल, तर तो ठेवून आतली जखम पूर्ण धुऊन, मेलेले काढून, नमुन्याप्रमाणे औषध देत हाड जुळेपर्यंत नेता येते. महिने उलटलेले असतील तर धातू काढावा लागतो. मग मेलेले हाड. जिवंत हाड छिन्नीखाली लाल बारीक ठिपके दाखवते. मेलेले पांढरे, कोरडे राहते. ठिपके येईपर्यंत काढायचे, मग ते दोन सेंटीमीटर निघो की आठ. इथे हात आखडता घेतला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. राहिलेल्या जागेत अँटिबायोटिक घातलेले हाडाचे सिमेंट भरतात: ४० ग्रॅमच्या पाकिटात २ ते ४ ग्रॅम व्हँकोमायसिनची पूड, बहुधा जेंटामायसिनसह. औषध आधी कोरड्या पुडीत मिसळतात, द्रव नंतर. जंतू हाडाच्या आतल्या पोकळीतच असतील तर पोकळी रीम करून त्याच सिमेंटचा लेप दिलेला नेल तात्पुरता घालता येतो. सहा ते आठ आठवड्यांत सिमेंटभोवती शरीर एक पातळ, रक्ताने भरलेला पडदा तयार करते. तो पडदा जपून उघडायचा, सिमेंट काढायचे, कीस भरायचा, पडदा शिवायचा. फ्रेंच सर्जन मास्केले यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. पडदा म्हणजे घाण समजून खरवडून टाकला की दोन महिन्यांची मेहनत गेली.

मोठ्या फटीसाठी दुसरा रस्ता रिंगचा. सायबेरियातल्या कुर्गान इथे सर्जन इलिझारोव्ह यांनी ती विकसित केली. पायाभोवती कड्या, हाडातून आरपार १.८ मिलिमीटरच्या ताणलेल्या तारा. हाड निरोगी जागी कापतात, पाच ते दहा दिवस थांबतात, मग कापलेला तुकडा फटीकडे सरकवायला सुरुवात करतात. कड्या जोडणाऱ्या सळईच्या आट्यांमधले अंतर १ मिलिमीटर असते, म्हणजे नटाचा एक पूर्ण फेरा १ मिलिमीटर. तो एकदम फिरवायचा नाही, दिवसातून चार वेळा पाव-पाव फेरा. मागे राहिलेल्या जागेत नवे हाड तयार होते. घाई करून दिवसाला दीड-दोन मिलिमीटर फिरवले तर मागे हाडाऐवजी पोकळ दोरी उरते, अगदीच सावकाश फिरवले तर हाड वेळेआधी जुळून तुकडा अडकतो. सेंटीमीटरमागे एक ते दीड महिना धरावा. सहा सेंटीमीटरची फट असेल तर सहा ते नऊ महिने रिंग पायात राहणार, हे रुग्णाला शस्त्रक्रियेआधी सांगितलेच पाहिजे. चौथ्या महिन्यात कंटाळून रिंग काढून घेतलेला पाय वाकतो.

रिंग असताना पाय टेकून चालायचे आहे. अंथरुणात पडून राहणे म्हणजे विश्रांती असा समज आहे, पण रिंगमध्ये वजन पडल्यानेच हाड पक्के होते. टाच वर उचलली जाऊ नये म्हणून पावलाखाली पट्टी बांधायची आणि ती रात्रीही ठेवायची, नाहीतर हाड जुळते आणि माणूस चवड्यावर चालतो. तारांच्या मुळाशी रोज स्वच्छ करायचे. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हाळ्यात, घामाने या जागा लवकर चिघळतात. तेव्हा दिवसातून दोनदा. उकळून गार केलेले पाणी किंवा सलाइन, स्वच्छ गॉज, एका तारेचा गॉज दुसरीला नाही. हळद, तेल, राख काहीही लावू नये. तारेभोवती लाली आणि चिकट पाणी आले तर ताबडतोब दाखवायचे, तार सैल झाली असेल तर ती पुन्हा ताणायची किंवा बदलायची असते. तुकडा पलीकडे जाऊन टेकला की काम संपले असे वाटते, पण त्या टेकण्याच्या जागी हाड न जुळण्याचे प्रमाण मोठे आहे. तिथली टोके ताजी करून थोडा कीस भरण्याची एक छोटी शस्त्रक्रिया सुरुवातीपासूनच हिशेबात धरावी.

विदर्भातल्या दोन गोष्टींबद्दल वेगळे लिहायला हवे. पहिली खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेले मिश्रण. विडी-सिगारेट विचारली जाते, खर्रा विचारला जात नाही, आणि रुग्ण स्वतःहून सांगत नाही कारण त्याच्या लेखी ते व्यसनच नसते. निकोटिन तोंडातून गेले काय की धुरातून, बारीक रक्तवाहिन्या आकसतात; फ्लॅपची कड काळी पडते आणि हाड रेंगाळते. कीस भरण्याच्या किंवा फ्लॅपच्या शस्त्रक्रियेआधी निदान चार ते सहा आठवडे आणि नंतर हाड जुळेपर्यंत तो पूर्ण बंद हवा. रक्तात किंवा लघवीत निकोटिनचा अंश तपासता येतो. वॉर्डात भेटायला येणाऱ्याने खिशात खर्र्याची पन्नी आणू नये. दहा तासांच्या शस्त्रक्रियेने आणलेले रक्त त्या एका पन्नीने कमी होते.

दुसरी सिकलसेल. पूर्व विदर्भात रक्तपेशींचा हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे, तरी पायाच्या शस्त्रक्रियेआधी त्याची तपासणी सगळीकडे होत नाही. मांडीला टूर्निके, म्हणजे दाबाचा पट्टा, आवळून रक्त थांबवले की त्या पायातले रक्त ऑक्सिजनविना साचते, आणि सिकलसेलचा आजार असलेल्या माणसात पेशी कोयत्यासारख्या वळून वाहिन्या तुंबतात. अशा रुग्णात शक्य तिथे टूर्निके टाळायची, शरीर गरम ठेवायचे, शिरेतून पाणी पुरेसे द्यायचे, ऑक्सिजन घसरू द्यायचा नाही, गरज असेल तर आधी रक्त द्यायचे. हाडात संसर्ग झाला तर त्यात साल्मोनेला हा जंतू असू शकतो, म्हणून औषध निवडताना तो ध्यानात ठेवायचा. साधी सोल्युबिलिटी चाचणी काही मिनिटांची आहे. ती सकारात्मक आली तर वाहक की आजार हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांनी कळते.

घोट्याचे दुखणे निराळे. तिथे हाड बहुधा जुळते, पण चुकीच्या जागी. घोटा म्हणजे सुताराच्या खोबणीसारखी जागा: वर नडगी, आत तिचा गाठा, बाहेर फिब्युलाचे टोक, आणि त्यात बसलेले टॅलस हाड. टॅलस बाहेरच्या बाजूला फक्त १ मिलिमीटर सरकले तर सांध्याचा स्पर्श असलेला भाग सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो, असे १९७६ मधल्या रॅम्सी आणि हॅमिल्टन यांच्या प्रसिद्ध प्रयोगात दिसले. उरलेल्या थोड्या कूर्चेवर सगळे वजन पडते आणि ती झिजते. म्हणून घोट्यात जवळपास बसले हे पुरेसे नसते.

बहुतेक वेळा चूक फिब्युलाची असते: ती आखूड होते आणि बाहेर वळून जुळते. पाय १५ ते २० अंश आत वळवून काढलेल्या एक्स-रेत तीन गोष्टी पाहायच्या. आतल्या गाठ्याजवळची फट ४ मिलिमीटरपेक्षा मोठी नसावी. सांध्याच्या १ सेंटीमीटर वर नडगी-फिब्युलामधली फट ६ मिलिमीटरच्या आत असावी. आणि फिब्युलाच्या टोकाची आतली कड व टॅलसची बाहेरची कड मिळून एक सलग गोल वळण व्हावे; ते तुटलेले दिसले तर फिब्युला आखूड आहे. शंका असेल तर सीटी स्कॅन दोन्ही घोट्यांचा एकत्र काढावा. एकाच पायाचा स्कॅन काढून पैसे वाया जातात, कारण प्रत्येकाची खोबण वेगळी असते आणि तुलना त्याच माणसाच्या चांगल्या पायाशीच करायची असते. दोन्हींत २ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर फिब्युला खोबणीबाहेर बसली आहे.

ही चूक वर्ष-दोन वर्षांनीही सुधारता येते, फक्त कूर्चा शिल्लक हवी. फिब्युला जुन्या फ्रॅक्चरच्या जागी किंवा थोडी वर कापतात. आतल्या गाठ्याजवळ आणि नडगी-फिब्युलाच्या मध्ये भरलेला जुना कठीण तंतू आधी काढावा लागतो. तो ठेवला तर टॅलस आपल्या जागी परत जातच नाही आणि सगळी लांबी व्यर्थ जाते. प्लेट आधी खालच्या तुकड्याला बसवतात, मग वरून ढकलून फिब्युला खाली आणतात, आत वळवतात, सी-आर्मवर, म्हणजे शस्त्रक्रियेतल्या एक्स-रे यंत्रावर, ते गोल वळण जुळेपर्यंत. फटीत कमरेच्या हाडाचा तिन्ही बाजूंना कठीण थर असलेला तुकडा बसतो. नडगी-फिब्युलाची बंधने सैल असतील तर सांध्याच्या साधारण २ सेंटीमीटर वरून, मागून पुढे २५ ते ३० अंश तिरके, ३.५ मिलिमीटरचे एक किंवा दोन स्क्रू. स्क्रू सरळ आडवा मारला तर तो फिब्युलाला पुढे ओढतो, आणि नवी चूक तयार होते. सहा ते आठ आठवडे वजन नाही.

मधुमेह असलेल्या, तळव्याला संवेदना कमी असलेल्या माणसाचा घोटा मोडला तर हे सगळे हिशेब दुप्पट करावे: जास्त मजबूत बांधणी, वजन न टाकण्याचा काळ तीन महिन्यांपर्यंत. दुखत नाही म्हणून तो चालू लागतो, आणि घोटा लाल, गरम, सुजलेला होऊन आतून चुरा होतो. ही सूज पूची समजून चिरा दिल्याने पाय गमावल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

कूर्चा संपली असेल तर सांधा जखडणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. उरलेली कूर्चा खरवडून हाडाला हाड लावतात, ६.५ किंवा ७.३ मिलिमीटरचे दोन-तीन स्क्रू दाबून बसवतात. पाऊल नडगीशी काटकोनात, टाच पाच अंशांपर्यंत बाहेर, पावलाचा रोख पाच ते दहा अंश बाहेर. बोटे खाली झुकलेल्या स्थितीत जखडले तर माणूस गुडघा मागे ढकलून चालतो आणि काही वर्षांत गुडघा जातो. जखडलेल्या घोट्याने चालणे, सायकल, शेतात उभ्याने काम जमते. उकिडवे बसणे मात्र कठीण होते, आणि घरात उंच कमोड लागेल, हे आधी सांगावे. धानाच्या रोवणीच्या कामावर पोट असलेल्या बाईला ही गोष्ट शस्त्रक्रियेनंतर कळणे हा अन्याय आहे. वर्षांनंतर खालच्या सांध्यावर ताण येऊन तो दुखू शकतो. कृत्रिम घोटा संसर्ग झालेल्या, संवेदना गेलेल्या किंवा कष्टाची कामे करणाऱ्या पायासाठी नाही.

काही पाय वाचवू नयेत, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. तळव्याला संवेदना नाही, रक्तपुरवठा एका धमनीवर, वर्षानुवर्षे पू, दहावी शस्त्रक्रिया समोर: अशा वेळी गुडघ्याखाली १२ ते १५ सेंटीमीटर हाड राखून पाय काढला आणि चांगला कृत्रिम पाय बसवला तर माणूस काही महिन्यांत कामावर जातो. हा पर्याय पहिल्याच भेटीत इतर पर्यायांबरोबर मांडावा, शेवटी हरल्यासारखा नव्हे.

खर्चाबद्दल. रस्ते अपघातग्रस्तांसाठी केंद्राची २०२५ ची विनारोकड योजना ७ दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत आहे. पहिल्या शस्त्रक्रियेला ती मोलाची आहे, पण वर लिहिलेले बहुतेक सारे आठव्या दिवसानंतर येते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. आमची मागणी अशी की संसर्ग झालेल्या न जुळलेल्या हाडासाठी धुणे, सिमेंट, फ्लॅप, कीस किंवा रिंग, आणि शेवटी रिंग काढणे या सगळ्या पायऱ्या एकाच उपचाराच्या मानून सुरुवातीलाच मंजूर व्हाव्यात. सिमेंट घातले आणि दुसऱ्या टप्प्याच्या मंजुरीची वाट पाहण्यात पडद्याची वेळ निघून गेली, असे होऊ नये.

आणि कागद. नेल काढायला त्याच्या वरच्या टोकाच्या आट्यांत बसणारे नेमके अवजार लागते, आणि ते प्रत्येक बनावटीचे वेगळे असते. बनावट माहीत नसेल तर दोन तासांची शस्त्रक्रिया पाच तासांची होते. नेलच्या, प्लेटच्या पाकिटावरचे स्टिकर केसपेपरला लावतात; त्याची एक प्रत रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवायला एक मिनिट लागतो. मेडिकल, मेयो, एम्स या सरकारी रुग्णालयांसह शहरातल्या सगळ्या लहान-मोठ्या रुग्णालयांनी ते सक्तीचे करावे. कार्डाच्या मागची बाजू कोरीच असते. तिथे छापावे: शस्त्रक्रियेची तारीख, काय बसवले आणि कोणत्या मापाचे, जखम उघडी होती की बंद, अँटिबायोटिक कोणते आणि किती दिवस, सिकलसेल चाचणीचा निकाल, वजन टाकायला कधी सुरुवात करायची, आणि सहाव्या, बाराव्या, अठराव्या आठवड्याच्या एक्स-रेच्या तारखा, पुढे तीन रिकामे चौकोन.

आपले,
अपघातातील पायांवर उपचार करणारे काही अस्थिरोगतज्ज्ञ व प्लास्टिक सर्जन,
नागपूर